हिवाळाभर स्कूटर बंद ठेवायची आहे, काय काय करून ठेवू? (ग्वाल्हेर)

दौलतगंज_काकू
९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरची, लश्कर भागात जुन्या वाड्यात राहते. लेकीचं पहिलं बाळंतपण आहे, म्हणून २२ तारखेला झेलम एक्सप्रेसनं पुण्याला निघायचंय. परत यायला मार्च उजाडेल. साडेतीन महिने घर बंद. बाकी सगळी लावालाव झाली, राहिली ती स्कूटर.

गाडी ११० सीसीची, कार्बोरेटरवाली, सात वर्षांपूर्वी इथल्या व्यापार मेळ्यातून घेतलेली. निवृत्त होईपर्यंत रोज लश्कर ते मुरार शाळेत याच गाडीवर गेले. यांच्या आजारपणात रात्री-अपरात्री औषधं आणायला हीच होती. तेव्हा "जुनी झाली, काढून टाका" असं कृपा करून कुणी सांगू नका.

मागच्या हिवाळ्यात थोरल्याकडे तीन महिने राहून आले. जाताना शेजारच्या मुलाला किल्ली देऊन सांगितलं होतं की दर रविवारी गाडी सुरू करून दोन-तीन मिनिटं चालू ठेव. पोरानं एक रविवार चुकवला नाही, थंडीत कुडकुडत केलं. तरीही मी आले तेव्हा बॅटरी मेलेली, कार्बोरेटर जाम, सायलेन्सर खालच्या जोडाला गंजून फुटलेला आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं कागद कुरतडून घर केलेलं. ४,३०० रुपये गेले. पैशांपेक्षा जास्त वाईट वाटलं ते त्या पोराचं. त्याला अजून वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं.

या वेळी नीट करून जायचंय. गाडी चौकात पत्र्याखाली ठेवू की आत ओसरीवर? टाकी भरून ठेवू की रिकामी? आणि रविवारी सुरू करायला सांगू का नको?

थाटीपूर_टेक
९ नोव्हेंबर, रात्री १०:१५

काकू, गाडी पडून राहिली की खराब होते, हे तर लहानपणापासून ऐकतोय. माझे बाबा कुठेही गेले तरी कुणाला तरी आठवड्यातून एकदा स्टार्ट करायला सांगूनच जायचे. मला वाटतं तुमच्या शेजाऱ्यानं दोनऐवजी पाच मिनिटं चालू ठेवली असती तर एवढं झालं नसतं. कव्हर मात्र चांगलं जाड प्लास्टिकचं घ्या, कोहरा (धुकं) आत जायला नको.

मुरारवाले_नाना
१० नोव्हेंबर, सकाळी ६:२०

काकू, आधी त्या मुलाला माझा निरोप द्या: त्याची काहीही चूक नाही. त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. सांगणंच चुकीचं होतं, आणि ते तुम्हीच नव्हे, घरोघरी सांगतात. फौजेत २४ वर्षं मी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली. उभ्या करून ठेवलेल्या गाड्या सांभाळणं हे आमचं रोजचंच काम. म्हणून सविस्तर लिहितो, जरा वेळ काढून वाचा.

पेट्रोल जळालं की त्यातून पाणी तयार होतं. थोडंथोडकं नाही, एक लिटर पेट्रोल जळालं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं. गाडी रस्त्यावर वीस मिनिटं धावली तर सायलेन्सर शेवटपर्यंत तापतो आणि ही वाफ निघून जाते. जानेवारीच्या सकाळी पारा ५-६ अंशांवर असताना तुम्ही दोन मिनिटं गाडी जागेवर फुरफुरवली तर ती वाफ थंडगार पत्र्याला लागते आणि तिथेच तिचं पाणी होतं. हे पाणी नुसतं नसतं, त्यात जळालेल्या पेट्रोलचं आम्लही असतं. दर रविवारी थोडं थोडं. तुमचा सायलेन्सर खालच्या जोडाला फुटला, कारण पाणी तिथेच साचतं.

तसंच इंजिनच्या आत. थंडीत चोक ओढल्यावर पेट्रोल जास्त जातं, सगळं जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन ते खाली ऑइलमध्ये उतरतं. वर वाफेचं पाणीही तिथेच. कधी अशा गाडीच्या ऑइलचं झाकण उघडून बघा, आतल्या बाजूला सायीसारखा पांढुरका थर दिसेल.

बॅटरीचा हिशेब वेगळा आणि सोपा. थंड इंजिनाला सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढं जातं तेवढं जागेवर दोन मिनिटं मंद चालणाऱ्या इंजिनातून परत भरत नाही. २०१७ पासूनच्या गाड्यांना हेडलाइट बंद करायचं बटणही नाही, इंजिन चालू की दिवा चालू. म्हणजे जे काही तयार होतं त्यातलंही बरंच दिवाच खातो. दर रविवारी बॅटरी थोडी आणखी उतरत गेली आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली. लेड-ॲसिड बॅटरी अशी पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर चढून घट्ट होतो, मग ती चार्ज धरत नाही.

तेव्हा नियम एकच ठेवा. सुरू करायची तर गरम होईपर्यंत रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं चालवून आणायची. तेवढं जमत नसेल तर हातच लावायचा नाही. तुमच्याकडे दुसरा मार्ग बरा.

थाटीपूरवाले भाऊ, पाच मिनिटांनीही तेच झालं असतं. आणि प्लास्टिकचं कव्हर अजिबात नको. कोहरा बाहेरून आत जातो त्यापेक्षा आतला दमटपणा बाहेर न पडणं जास्त वाईट. दिवसा ऊन पडलं की आत वाफ, रात्री तिचेच थेंब गाडीवर.

ऑइल, पेट्रोल, बॅटरी आणि बाकीचं संध्याकाळी लिहितो.

थाटीपूर_टेक
१० नोव्हेंबर, सकाळी ८:०५

नाना, हे पाण्याचं गणित माहीतच नव्हतं. आमच्या बाबांच्या गाडीला तीन वर्षांत दोन सायलेन्सर लागले होते, कारण आत्ता कळलं. माझा वरचा सल्ला मागे घेतो.

लश्कर_ते_टोरांटो
१० नोव्हेंबर, सकाळी ९:३०

नानांशी शंभर टक्के सहमत. जन्म जनकगंजचा, आता पंधरा वर्षं कॅनडात. इथे नोव्हेंबर ते एप्रिल स्कूटर आणि मोटरसायकली सगळ्यांच्याच बंद असतात, त्यामुळे शरद ऋतूत गाडी झोपवणं हा इथला ठरलेला कार्यक्रमच. मधे कुणीही सुरू करत नाही.

इथलं वाचून घाबरू नका मात्र. आमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात, ते धुवावं लागतं. पाण्यानं थंड होणारं इंजिन असेल तर त्यात न गोठणारं कूलंट आहे ना ते बघावं लागतं. उतरलेली बॅटरी उणे तापमानात आतून गोठून फुटू शकते. ग्वाल्हेरला यातलं काहीच नाही, आणि काकूंचं इंजिन हवेनं थंड होणारं. ग्वाल्हेरला थंडी नाही, दमटपणा सांभाळायचाय. वाड्यांच्या दगडी फरशीला पहाटे सुटणारा घाम मला अजून आठवतो, अनवाणी पाय चिकटायचे.

मुरारवाले_नाना
१० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:५०

आता पुढचं.

जागा: ओसरी. चौकात पत्र्याखाली कोहरा सरळ येऊन बसतो आणि दिवस-रात्रीचा फरकही जास्त. पण टोरांटोकरांनी म्हटलं ते बरोबर, दगडी फरशीला घाम येतो. म्हणून डबल स्टँडखाली आणि चाकांखाली लाकडी फळ्या टाका. ओसरी स्वयंपाकघराला लागून असेल, देवघराची समई जवळ असेल, इन्व्हर्टर तिथेच असेल, तर मात्र ओसरी नको. टाकीत पेट्रोल असणार आहे.

ऑइल: जायच्या आधी बदला, आल्यावर नाही. लोक उलटं करतात. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल असते, साडेतीन महिने बेअरिंगना त्यात बुडवून कशाला ठेवायचं? बदलल्यावर पाच-सात किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे नवं ऑइल सगळीकडे लागेल.

पेट्रोल: टाकी भरा. पत्र्याची टाकी रिकामी ठेवली की आतल्या हवेतली ओल भिंतींना लागते आणि आतून गंज धरतो. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं, आणि थंडीत हे लवकर होतं. टाकी भरलेली असली की आत हवाच थोडी, म्हणून ओलही थोडी. अगदी तोंडापर्यंत मात्र नाही, गळ्याच्या खालपर्यंतच. आणि निघायच्या एक-दोन दिवस आधीचं ताजं पेट्रोल हवं, महिन्याभरापूर्वीचं नको.

कार्बोरेटर: टाकी भरली तरी कार्बोरेटरची वाटी रिकामी करायचीच. वाटीत जेमतेम दोन-तीन चमचे पेट्रोल असतं. ते उडून जातं आणि मागे मधासारखा चिकट राळेचा थर उरतो. पेट्रोल ज्यातून इंजिनाकडे जातं त्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, ते बुजायला कितीसं लागतं! तुमच्या गाडीला हाताचा कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, नसणार. इंजिन चालू असतानाच्या ओढीनं उघडणारा आपोआपचा कॉक असतो, त्यामुळे गाडी बंद असताना टाकीतून खाली काही येत नाही. वाटीच्या तळाला एक स्क्रू असतो, तो दोन आटे सैल केला की नळीतून पेट्रोल बाहेर येतं. इंजिन थंड असताना करा, खाली डबा धरा, आसपास विडी-काडी कुणी ओढत नाही हे बघा.

प्लग: मिस्त्रीकडून काढून घ्या, भोकातून एक चमचा ताजं इंजिन ऑइल सोडा, किल्ली बंद ठेवून भोकावर फडकं धरा आणि हातानं किक पाच-सहा वेळा सावकाश दाबा. सिलिंडरच्या भिंतीला तेलाचा हात लागतो. मग प्लग परत बसवा. मार्चमध्ये पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा दोन मिनिटं धूर दिसेल, तो याचाच, घाबरायचं नाही.

हवा: दोन्ही चाकांत नेहमीपेक्षा दोन-तीन पाउंड जास्त भरा. महिन्याला पाउंड-दोन पाउंड आपसूक उतरतेच, वर थंडीनं आणखी कमी होते.

ब्रेक: मागच्या ब्रेकची पकड लॉक करून ठेवायची सवय असेल तर ती सोडा. ड्रमला शू चिकटून बसतात. केबलींना तोंडाशी तेलाचे दोन थेंब.

चेतकवाला_जिन्सी
१० नोव्हेंबर, रात्री ९:२०

आमच्याकडे आजोबांची टू-स्ट्रोक चेतक आहे, अजून सणासुदीला बाहेर काढतो. तिला हाताचा कॉक आहे. आजोबा सांगायचे, कॉक बंद कर आणि गाडी आपली आपण बंद पडेपर्यंत चालू दे. तीच कार्बोरेटरची वाटी रिकामी करायची पद्धत, नाना?

मुरारवाले_नाना
१० नोव्हेंबर, रात्री ९:४५

तीच. आजोबांनी बरोबर शिकवलं. तुमच्या गाडीत तर हे जास्तच गरजेचं, कारण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं असतं. पेट्रोल उडालं की वाटीत निव्वळ ऑइल उरतं.

छावणीकर
११ नोव्हेंबर, दुपारी १:१०

माझी बीएस-६ आहे, २०२१ ची, फ्युएल इंजेक्शनवाली. मला काय लागू?

मुरारवाले_नाना
११ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:००

वाटीच नाही, म्हणून ते काम वाचलं. पण पेट्रोलचा पंप टाकीच्या आत असतो, तेव्हा टाकी भरलेली ठेवणं तुम्हाला जास्त महत्त्वाचं. ताजं पेट्रोल भरल्यावर दहा मिनिटं चालवा, म्हणजे तेच इंजेक्टरपर्यंत पोचेल. आणि बॅटरीकडे जास्त लक्ष द्या. कार्बोरेटरवाली गाडी मेलेल्या बॅटरीवरही किकनं सुरू होऊ शकते, इंजेक्शनवालीचा पंपच बॅटरीवर चालतो.

हुजरात_गल्ली
११ नोव्हेंबर, रात्री ८:३०

उंदरांचं कुणीच बोललं नाही! आमच्याकडे वायरिंग खाल्लं होतं, फक्त डिक्कीत विसरलेल्या गजकेच्या (तिळाच्या मिठाईच्या) पुड्यामुळे. पुडा खाल्ला, मग वास लागला म्हणून तिथेच मुक्काम, मग वायरी. काकू, डिक्की रिकामी करून ओल्या फडक्यानं पुसा, तिळाचा एक दाणाही नको. सीटखाली जुनं फडकं, पावत्या, वर्तमानपत्र काही ठेवू नका, त्यांना घरट्यासाठी तेच लागतं. एअर फिल्टरला हवा घ्यायचं जे तोंड असतं ते आतून-बाहेरून बघून जाळीच्या तुकड्यानं बंद करा, नुसत्या कागदानं नाही. सायलेन्सरच्या तोंडाला गाडी पूर्ण गार झाल्यावर पिशवी आणि रबर. डांबराच्या गोळ्या ठेवतात, मीही ठेवते, पण त्यांच्यावर भरवसा नाही. आमच्या उंदरांनी गोळीच बाजूला सारली होती. मांजर येत-जात असेल तर तिची वाट बंद करू नका.

आणि एक चिठ्ठी लिहून किल्लीला बांधा: "सायलेन्सरची पिशवी, फिल्टरची जाळी, बॅटरी." मार्चमध्ये घाईत पहिली किक मारली जाते आणि मग आठवतं.

दौलतगंज_काकू
११ नोव्हेंबर, रात्री ९:१५

चिठ्ठीची कल्पना फार आवडली, तीस वर्षं मुलांना वहीत शेरे लिहून दिले, हेही लिहीन. बॅटरीचं कुणीतरी नीट समजावून सांगा. मागच्या फेब्रुवारीत नवी घेतलीय, ही तरी टिकावी.

थाटीपूर_टेक
११ नोव्हेंबर, रात्री १०:००

हे मी सांगतो, माझ्या कामाचा विषय आहे. बहुतेक स्कूटरांत बॅटरी पायदानाच्या झाकणाखाली किंवा सीटखाली असते. किल्ली बंद, आधी उणे टर्मिनलची, म्हणजे काळी वायर सोडा, मग लाल. बसवताना उलटं: आधी लाल, शेवटी काळी. कारण असं की लाल सोडताना पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला आणि काळी अजून जोडलेली असली तर ठिणगी उडते.

बॅटरी घरात कोरड्या जागी ठेवा. फरशीवर ठेवली की उतरते म्हणतात, ते जुन्या रबरी डब्यांच्या बॅटऱ्यांचं, आताच्या प्लास्टिकच्या डब्याला फरक पडत नाही. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी तासभर निवांत ठेवून मोजली तर १२.७ च्या आसपास दाखवते. १२.४-१२.५ वर आली की चार्ज करायची, १२ च्या खाली जाऊच द्यायची नाही. चार्जर स्कूटरचा लहान हवा. ४ ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीला ०.४ ॲम्पिअर, म्हणजे दहावा हिस्सा. कारच्या चार्जरवर लावली की ती तापून फुगते. शेजारच्या मुलाला रविवारऐवजी महिन्यातून एकदा एवढंच काम द्या.

विजयनगर_इंदूर
१२ नोव्हेंबर, सकाळी ११:००

आमच्याकडे इलेक्ट्रिक आहे, दोन महिने बाहेर जाणार. तिला काही करावं लागतं का?

थाटीपूर_टेक
१२ नोव्हेंबर, दुपारी २:२०

लिथियम बॅटरीचं लेड-ॲसिडच्या अगदी उलट आहे. पूर्ण भरून ठेवायची नाही आणि रिकामीही नाही, साधारण ५०-६० टक्क्यांवर ठेवा. चार्जर लावून सोडून जाऊ नका. गाडी बंद असली तरी आतलं लॉक, मोबाइलशी जोडणी हे थोडं थोडं खातच असतं, म्हणून महिन्यानं कुणीतरी टक्के बघायला हवेत. कंपनीच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा.

विमा_सल्लागार_पडाव
१२ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:३०

काकू, विम्याची तारीख बघितलीत का? गाडी उभीच आहे म्हणून लोक नूतनीकरण लांबवतात. विमा संपून ९० दिवस उलटले की साठलेली नो-क्लेम सवलत (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाते. आणि उभी गाडी चोरीला जाऊ शकते, आगीत सापडू शकते, तेव्हा नुसता थर्ड पार्टी (फक्त दुसऱ्याचं नुकसान भरणारा) विमा काही देत नाही. पुण्याहून मोबाइलवरही भरता येईल, पण तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा. पीयूसीही मधे संपत असेल तर आल्यावर आधी तीच काढा.

गाडीअड्डा_ग्वाल्हेर
१२ नोव्हेंबर, रात्री ८:१०

गाडीच पुण्याला का नेत नाही? स्टेशनवरून पार्सलनं जाते.

दौलतगंज_काकू
१२ नोव्हेंबर, रात्री ८:४०

मनात आलं होतं भाऊ. पण पार्सलला टाकी पूर्ण रिकामी करून, पॅक करून द्यायची, तिकडे सोडवायला जायचं, परत येताना पुन्हा तेच. आणि बाळंतिणीला सोडून मी पुण्यात गाडी चालवणार कधी? ती इथेच आरामात राहू दे. विम्याचं बरं सांगितलंत, १७ जानेवारीला संपतोय. लिहून ठेवला.

दौलतगंज_काकू
२० नोव्हेंबर, रात्री १०:०५

झालं बाई सगळं! सविस्तर सांगते, कारण तुम्ही इतक्या मायेनं सांगितलंत.

ऑइल मंगळवारी बदललं. जुनं ऑइल डब्यात पडताना बघितलं तर डांबरासारखं काळं. मिस्त्री म्हणाला, "आंटी, मार्च में ही करा लेतीं।" मी नानांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, गप्प झाला आणि केलं. काल टाकी भरली, महाराज बाड्याला एक लांबचा फेरा मारून आले आणि मग आज सकाळी गाडी गार असताना प्लगच्या भोकातून तेल मिस्त्रीला घरी बोलावून सोडून घेतलं, आणि शेजारच्या मुलाला हाताशी घेऊन बाकीचं घरीच केलं.

वाटीचा स्क्रू सापडायला अर्धा तास गेला. मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून पोरगा पालथा पडला होता. स्क्रू फिरला आणि काचेच्या बाटलीत पेट्रोल आलं. उजेडात धरलं तर तळाला दोन थेंब वेगळेच, मोत्यासारखे गोल, हलवले तरी पेट्रोलमध्ये मिसळेनात. पाणी! रोज चालणाऱ्या गाडीत. नाना, तुमचं सगळं त्या दोन थेंबांत दिसलं मला. पोरगा कितीतरी वेळ बाटली हलवून बघत होता.

त्याला तुमचा निरोप वाचून दाखवला. काही बोलला नाही, पण मग बॅटरी त्यानंच काढली, काळी आधी, लाल नंतर. आता त्यांच्या घरी कपाटावर आहे. त्याला मीटर घेऊन दिलंय.

ओसरीचा कोपरा साफ केला. खाली आमच्या जुन्या पाटाच्या दोन फळ्या. देवघर पलीकडच्या खोलीत आहे, गॅस मागे. अंगावर सासूबाईंचं जुनं सुती नऊवार दुहेरी करून घातलंय, हवा खेळती राहील. डिक्की पुसली, त्यात खरंच दोन चिंचेच्या गोळ्या निघाल्या. चिठ्ठी किल्लीला बांधली.

मुरारवाले_नाना
२१ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

शाब्बास. ते दोन थेंब ज्यांनी पाहिले त्यांना पुन्हा सांगावं लागत नाही. निश्चिंत जा. मार्चमध्ये एक लक्षात ठेवा: कार्बोरेटरची वाटी रिकामी आहे, आणि कॉक इंजिनच्या ओढीनं उघडतो. म्हणजे ती भरेपर्यंत बऱ्याच किका माराव्या लागतील. पंधरा-वीस. सेल्फ मारलीच तर पाच सेकंद मारा, मग थोडं थांबा. सुरू होत नाही म्हणून मिस्त्रीला बोलावू नका.

वाड्यातला_शेजारी
४ जानेवारी, सकाळी ११:३०

नमस्कार, मी काकूंच्या शेजारचा. डिसेंबरमध्ये बॅटरी १२.६२ होती, आज १२.४७ दाखवतेय. चार्ज करू का? गेला आठवडाभर इतका कोहरा होता की समोरचा वाडा दिसत नव्हता. साडी वरून थोडी दमट लागली, आत हात घालून बघितलं तर पत्रा कोरडा आहे. उंदराच्या लेंड्या नाहीत.

थाटीपूर_टेक
४ जानेवारी, दुपारी १२:१०

हो, करा. लहान चार्जरवर रात्रभर पुरे. पूर्ण झाल्यावर काढून दुसऱ्या दिवशी मोजा, लगेचचा आकडा जास्त दाखवतो. ऊन पडेल त्या दुपारी साडी तासभर गच्चीवर वाळवून परत घाला.

वाड्यातला_शेजारी
६ जानेवारी, रात्री ८:००

१२.७४. साडी वाळवली.

दौलतगंज_काकू
८ मार्च, दुपारी १२:४५

आले मंडळी! आधीची बातमी आधी: नात झाली, १९ डिसेंबरला, दोघी छान आहेत. घरी आलात की सगळ्यांना पेढे.

आता गाडी. परवा रात्री पोचले, काल दिवसभर घर झाडण्यात गेला, आज सकाळी नऊला मी आणि पोरगा ओसरीवर. साडी काढली. धूळ सुद्धा नाही, आरशाच्या खालच्या नटाला फक्त गंजाचा एक ठिपका. चिठ्ठी मोठ्यानं वाचली आणि तीनही कामं केली. फिल्टरच्या जाळीला बाहेरून दातांच्या खुणा होत्या! आत काही नाही. हुजरात_गल्ली ताई, तुमचे उपकार. हवा मागच्या चाकात ३२ भरली होती, ती २६ वर आली होती, सायकलच्या पंपानं भरली. बॅटरी १२.६ होती, पोरानं लाल आधी जोडली.

सात किका, काही नाही. दहा, काही नाही. पोरगा म्हणाला, "काकू, मिस्त्रीला फोन करू?" मी म्हटलं, नानांनी वीस सांगितल्यात. चौदाव्याला एकदा फुसकन आवाज झाला. सतराव्या किकला सुरू झाली. निळसर धूर, सगळी ओसरी भरली, वरून जाऊबाई ओरडल्या काय जळलं म्हणून. दोन मिनिटांत धूर गेला आणि मग तो नेहमीचा आवाज. मी पायरीवर बसून ऐकत राहिले.

मग पोराला मागे बसवून बाड्यापर्यंत जाऊन आले. ब्रेक आधी गल्लीतच दोन-तीनदा दाबून बघितले, सुटे आहेत.

मुरारवाले_नाना
८ मार्च, दुपारी ४:३०

अभिनंदन आजी! आता टाकी अर्ध्यावर येईपर्यंत हेच पेट्रोल वापरून घ्या, मग ताजं टाका. ऑइल नवंच आहे, बदलायची गरज नाही. आठवडाभरानं वाटीचा स्क्रू एकदा सोडून बघा, पुन्हा थेंब दिसतात का.

वाड्यातला_शेजारी
८ मार्च, संध्याकाळी ६:१०

मी बघतो नाना, बाटली ठेवलीय. आणि माझ्या बाबांची गाडी मे महिन्यात दीड महिना बंद राहणार आहे. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात टाकी भरूनच ठेवायची का? त्यासाठी वेगळा धागा काढू?

मुरारवाले_नाना
८ मार्च, संध्याकाळी ६:४०

काढ. उन्हाळ्यात पेट्रोल फुगतं, तेव्हा टाकीत जागा जास्त सोडावी लागते. बाकी तिथे लिहितो. गाडी कुठली, कार्बोरेटर की इंजेक्शन, आणि दुपारचं ऊन तिच्यावर येतं का, एवढं पहिल्या पोस्टमध्ये लिही.